राजहंसगडावरून दिसलेलं ते काय होतं, आणि ते विचारायचं की नाही?

येळ्ळूरकर
गेल्या आठवड्यातली गोष्ट. दिवस बुडून अर्धा तास झाला असेल. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या उतारावरून बैल घेऊन परत येत होतो. खाली शिवारात अंधार, गावात दिवे लागलेले. आणि वर, अगदी उंचावर, चांदीच्या पत्र्यासारखं काहीतरी चकाकत पूर्वेकडं सरकत होतं. आवाज नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत. सरकता सरकता दक्षिणेला वळलं, तांबूस झालं आणि विझलं.

घरी सांगितलं तर सगळे हसले. ते हसणं मला लागलं, म्हणून लिहितोय. असं आधीही घडलंय. १९५५ साली अमेरिकेनं नेवाडाच्या वाळवंटात, ग्रूम लेकला, यू-२ हे टेहळणी विमान गुपचूप उडवायला सुरुवात केली. ते ६०,००० फुटांच्या वर जायचं, तेव्हाची प्रवासी विमानं १० ते २० हजार फुटांवर. खाली अंधार पडला तरी वर यू-२च्या पंखांवर ऊन असायचं. प्रवासी विमानांचे वैमानिक जळतं काहीतरी दिसलं म्हणून कळवायचे. चौकशी करणाऱ्यांना खरं कळायचं, पण कळवणाऱ्याला ते सांगायची मुभा नव्हती. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६०च्या दशकभर आलेल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून जास्त नोंदी यू-२ आणि नंतरच्या अशाच गुप्त टेहळणी विमानांच्या, असं सीआयएच्या अंतर्गत इतिहासात लिहिलंय. त्यातला ग्रूम लेकचा भाग उघड व्हायला २०१३ उजाडलं. खरं पाहिलेली किती माणसं तोवर खोटी ठरून मेली असतील!

आपल्याच कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेला डीआरडीओचं, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेचं, विमानांचं चाचणी क्षेत्र आहे. चाचणी झाल्यावर तरी दोन ओळी सांगाव्यात, एवढंच माझं मागणं.

सांब्रा-निवृत्त
दादा, मी वीस वर्षं हवाई दलात काढलीत, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमचं मागणं मला मान्य नाही. रडारला सहज न दिसणारं एफ-११७ विमान पहिल्यांदा उडालं १९८१ला, अमेरिकेनं कबूल केलं १९८८ला. मधली सात वर्षं ते नेमकं कसं आहे याचा लोकांना पत्ता लागला नाही, हीच त्या विमानाची ताकद होती. कुठल्या वेळी, कुठल्या दिशेनं गेलं हे जाहीर केलं की बाकीचं गणित शत्रू बसून सोडवतो. लोकांनी हसलेलं सोसावं लागतं, पण त्यापायी जवानाचा जीव धोक्यात घालायचा का?

आणि चळ्ळकेरे इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर. २०२२च्या जुलैत तिथं बिनवैमानिकाचं, नुसत्या पंखाच्या आकाराचं विमान उडालं. ती चाचणी तंत्रज्ञान तपासायला होती. ते राजहंसगडापर्यंत येणार नाही. सांब्र्याला हवाई दलाची जवानांना शिकवणारी शाळा आहे. तिथल्या धावपट्टीवरून घिरट्या घालतात ती शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं.

जांबोटीकर
मला तर तो उपग्रह वाटतोय. आमच्याकडं जंगलात आकाश काळंभोर असतं, सूर्य मावळल्यावर तासभर तरी हे रोज दिसतात. कारण तुम्ही सांगितलंत तेच, वर ऊन आणि खाली अंधार. पृथ्वीच्या सावलीत शिरताना तांबूस होऊन विझतात. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नवे सोडलेले तर माळेसारखे ओळीनं जातात. वळल्याचं म्हणाल, तर मोकळ्या आभाळात एकटा ठिपका बघत राहिलं की डोळाच फसवतो.

तो निम्म्याचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. उडत्या तबकड्यांची चौकशी करणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १२,६१८ नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक ग्रह-तारे, फुगे, साधी विमानं. गुप्तचर खात्यानं स्वतःच्या विमानाला एवढं श्रेय दिलंय, त्यावर अभ्यासकांनीही शंका घेतलीय.

निपाणीची लेक
माझं सासर चळ्ळकेरेशेजारच्या हिरियूर तालुक्यातलं. २०२३च्या ऑगस्टात तिकडं डीआरडीओचं तपस हे बिनवैमानिकाचं विमान शेतात कोसळलं. त्याआधी २०१९च्या सप्टेंबरातही चित्रदुर्ग जिल्ह्यात असंच पडलेलं. दोन्ही वेळा माणसं मोबाईल घेऊन गोळा झाली. शेतात पाणी देणारी बाई काय समजणार, आभाळातून काय पडलं ते? जवळ जायचं की लांब पळायचं, एवढं तरी आधी सांगा की!

आणि काका, सांगितल्यानं बिघडतंच असं नाही. २० मे २०२०ला बेंगळुरूत दुपारी मोठा आवाज झाला. शहर हादरलं, कुणी भूकंप म्हणालं. संध्याकाळी संरक्षण खात्यानं सांगितलं, हवाई दलाच्या चाचणी विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला होता. ३६ ते ४० हजार फुटांवर वेग कमी होताना असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरपर्यंत पोचतो, हेही सांगितलं. कुठलं गुपित फुटलं?

सांब्रा-निवृत्त
ताई, ते पटलं. अपघाताच्या जागी काय करायचं हे गावाला आधी शिकवलंच पाहिजे. आवाजाचा खुलासाही ठीक, कारण तो लाखोंनी ऐकलेला. पण एकट्यानं पाहिलेल्या ठिपक्याचा खुलासा खात्यानं द्यावा, हे मी नाहीच मानणार. आज एकाला दिला की उद्या हजार विचारतील, आणि ज्याला उत्तर नाही तेच गुप्त, हे कुणालाही ओळखता येईल.

येळ्ळूरकर
काका, या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडं आत्ता उत्तर नाही. पण डोळा फसला हे मी मानत नाही. ते आभाळातच नुसतं वळलं नव्हतं. गडाच्या बुरुजाच्या डाव्या अंगाला होतं ते उजवीकडं आलं, आणि मी बैलाची कासरी धरून एका जागी उभा होतो. जांबोटीकर, उपग्रह चार-सहा मिनिटांत पार होतो ना? मग शनिवारी सात वाजल्यापासून तुम्ही तिकडून बघा, मी इथून बघतो. दोघांनी वेळ मिनिटासकट लिहायची, दिशा बुरुजावरनं नाही, होकायंत्रावरनं. इथंच टाकू.