‘एशिया’ सापडला मद्रासहून

कुणी कुणी म्हणतात की जुने लघुग्रह सगळे युरोप-अमेरिकेतच सापडले. तसं नाही हो! ६७ एशिया हा लघुग्रह इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांना १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून सापडला. आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून हे नाव. सूर्याभोवती एक फेरी सुमारे ३.७७ वर्षांची. कक्षा लांबट, सूर्यापासूनचं अंतर साधारण १.९७ ते २.८७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्यातलं सरासरी अंतर), त्यामुळे प्रत्येक प्रतियुतीला (म्हणजे आपल्या आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) तो सारखा तेजस्वी दिसत नाही. इंदूरला आमच्या गच्चीवर भाचीला तारे दाखवताना मी हे आवर्जून सांगतो. त्याला पाहायला दुर्बीण लागतेच. पण फोटोंची सोय नसताना, एकेक तारा नकाशाशी ताडून पाहत पॉगसन यांनी तो हुडकला, याचं मला फार अप्रूप वाटतं.