लस टोचायला आलेल्या बाळाचे दातही तिथेच बघावेत का?

डोंगरवाट: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच झाली. मी त्याच्या सातपुड्यातल्या एका पथकात डॉक्टर आहे. वर्षातून दोनदा अंगणवाडी, एकदा शाळा. तपासायच्या यादीत दातांची कीड आहे. आम्ही बघतो, खूण करतो, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी कुडाच्या भिंतीत खोचलेली राहते.

दिवाळीआधी एका पाड्यावर चार वर्षांची मुलगी बघितली. वजन वाढत नव्हतं. भाकरीचा तुकडा तिने गालात धरून ठेवलेला, चावत नव्हती. ओठ वर केला तर पुढचे चारही दात हिरडीपर्यंत झिजून काळे खुंट झालेले. आई म्हणाली, "खातच नाही ती." वर्षभर आपण तिचं वजन करत होतो, तोंडात कुणी डोकावलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला बाळ येतं, तेव्हा बहुतेकांचे पहिले दात दिसू लागलेले असतात. तिथेच ओठ वर करून बघावं आणि फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखायचा लेप, दातांवर लावावा. पुन्हा सोळाव्या महिन्यानंतर, बूस्टरला. आदिवासी भागात दंतवैद्याची वाट बघण्यात दुधाचे दात संपून जातात.

किनवटकर: फ्लोराइडचं नाव काढलं की आमच्याकडे पोटात गोळा येतो. किनवटच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे, दातांवर तपकिरी पट्टे घेऊन आमची एक पिढी वाढली. तिथे वरून आणखी फ्लोराइड? आधी पाणी तपासा.

डोंगरवाट: पाणी तपासायलाच हवं, तुमचं बरोबर आहे. पण पट्टे येतात ते हिरडीच्या आत पक्के दात घडत असताना रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडमुळे. वार्निश म्हणजे थेंबभर लेप, दातावरच चिकटतो, तोही वर्षातून दोन-तीनदा. दोन्हींची गल्लत नको.

उपकेंद्रातली_ताई: डॉक्टर, लसीकरणाच्या दिवशी मी एकटी असते. रडणारी बाळं, मोबाईलवर नोंदी, उघडलेली कुपी चार तासांत संपवायची. ताप येईल म्हणून आया आधीच घाबरलेल्या असतात. त्यात बाळाचं तोंड उघडून काही लावलं तर पुढच्या लशीला ती येईल का, ही माझी खरी भीती आहे. नवं काम देताना माणूसही द्या.

दंतवैद्य_नाशिक: माझा विरोध वेगळा आहे. अमेरिकेत नवाहो या आदिवासी समाजाच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, 2016 मध्ये छापून आली. त्यांच्याच समाजातल्या कार्यकर्त्यांनी बालवर्गात वार्निश लावलं, पालकांशी बोलले. कीड कमी झाली नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाड्यापाड्यावर पोचलाय, तो तसाच ठेवून लेप लावत बसायचं का? आणि पुढे तुम्ही सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड म्हणणार, किडलेल्या दातावर लावायचं औषध. कीड थांबते, मान्य, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. शहरातल्या आयांना आपण पांढरं फिलिंग देतो आणि आदिवासी मुलांना काळे दात. हे मला पटत नाही.

डोंगरवाट: नवाहो मुलं तीन वर्षांच्या पुढची होती आणि सुरुवातीलाच त्यांचे बरेच दात किडलेले होते. मी नऊ महिने म्हणतोय ते त्याचसाठी. बिस्किटांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सिल्व्हरचं औषध 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. दुखणं थांबणार असेल तर मी ते आईला दाखवून, रंग सांगून, तिने हो म्हटल्यावर लावीन.

दंतवैद्य_नाशिक: आईला दुसरा पर्यायच नसेल तर तिच्या "हो"ला किती अर्थ? अलास्कात आदिवासी समाजातल्याच तरुणांना डेंटल थेरपिस्ट, म्हणजे दातांचे साधे उपचार करणारे कर्मचारी, म्हणून तयार केलं, आमच्यासारख्यांची संघटना कोर्टात गेली तरी ते टिकले. तसं माणूस उभं करा, मी शिकवायला येतो. लशीच्या रांगेत घुसवू नका.

उपकेंद्रातली_ताई: ओठ वर करून बघणं मी या बुधवारपासून करते, त्याला सामान लागत नाही. वार्निशचं मात्र आत्ता नाही म्हणते. त्या मुलीचं पुढे काय झालं?

डोंगरवाट: चिठ्ठीवरची तारीख यायच्या आधीच घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले. होळीला परततील. अंगणवाडीताईंना सांगून ठेवलंय, आल्या दिवशी फोन करा.