सबमरीन लँडस्लाइड: दरड, भूस्खलन की लोंढा?

विचारणा (कॉलेज रोड): समुद्रात गाळ घसरतो, त्याच्या थरांवरून जुने भूकंप शोधतात, अशा संशोधनावर मराठीत टिपण करायचे आहे. यंत्राच्या भाषांतरात 'पाणबुडी भूस्खलन' आले, ते खोडले. 'समुद्रतळाखालील भूस्खलन' बरोबर आहे का? आणि 'दरड' हा आपला रोजचा शब्द चालेल का? 'टर्बिडाइट' आणि 'कोअर' यांचेही सांगा.

पंचवटी: 'तळाखालील' नको. त्याचा अर्थ तळ खणून आत असा होतो. घसरतो तो तळावर साचलेला गाळ, म्हणून 'समुद्रतळावरील' म्हणा. नुसते 'सागरी भूस्खलन' लिहिले तर किनाऱ्यावरचा कडा ढासळला असेही कुणी वाचेल.

दरड म्हणजे उभा, तुटलेला कडा. कसारा घाटात किंवा सप्तशृंग गडाच्या वाटेवर कोसळते ती दरड: खडक सुटतो आणि थेट खाली येतो. समुद्रातला गाळ घसरतो तो खंडाच्या कडेवरून खोल समुद्राकडे जाणाऱ्या उतारावर. शाळेच्या भूगोलात ज्याला खंडान्त उतार म्हणतात तो हाच, आणि त्याचा कल सरासरी ४ अंशांच्या आसपास असतो. नॉर्वेजवळ स्टोरेगा इथे सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी जवळपास ३,००० घन किलोमीटर गाळ सरकला. आपल्या गंगापूर धरणासारखी हजारो धरणे भरतील एवढा तो होतो, आणि तिथला उतार २ अंशांहूनही कमी. इतक्या सपाटीवर काही 'कोसळत' नाही. हादऱ्याने दाण्यांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, दाण्याला दाण्याचा आधार राहत नाही आणि थर सुटतो.

सिन्नर: नामापेक्षा क्रियापद सांभाळा, ताई. एकाच घटनेत तीन गोष्टी होतात. आधी उताराचा तुकडा खचतो. मग तो अखंड किंवा फुटत घसरतो. घसरताना पाणी मिसळत जाते आणि शेवटी त्याचा लोंढा होतो. तिन्हीला 'भूस्खलन झाले' म्हटले की वाचकाला काहीच दिसत नाही.

'टर्बिडिटी करंट'ला 'गढूळ प्रवाह' लिहिलेले आढळते. शब्दशः चूक नाही, पण श्रावणातली गोदावरीसुद्धा गढूळ प्रवाहच असते. इथे मुद्दा जडपणाचा आहे: गाळ मिसळलेले पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून ते तळाला चिकटून धावते. 'गाळाचा लोंढा' यात वजनही येते आणि वेगही. १८ नोव्हेंबर १९२९ला न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्सला ७.२चा भूकंप झाला. समुद्रतळावरून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांपैकी जवळच्या लगेच तुटल्या. उताराखालच्या तारा मात्र पुढचे सुमारे १३ तास एकामागून एक तुटत गेल्या, एकूण १२. संदेश कधी थांबला त्याच्या वेळा तारघरात नोंदलेल्या होत्या. हीझन आणि युइंग या शास्त्रज्ञांनी १९५२मध्ये त्या वेळांवरून लोंढ्याचा वेग काढला.

सातपूर: 'टर्बिडाइट' तसेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'लोंढ्याने टाकलेला थर' असे द्या. त्याची खूण म्हणजे खाली भरड, वर बारीक. दळणातला 'भरड' इथे अगदी चपखल बसतो, 'श्रेणीबद्ध स्तरण' लिहिण्याची गरज नाही. मुलांना दाखवायचे तर एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत नदीकाठची माती पाव भागापर्यंत भरा, वर पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवशीही धुरकट दिसते. माती जास्त घेतली तर दाट चिखलात दाणे अडकतात आणि भरड-बारीक वेगळे होत नाही.

पंचवटी: 'कोअर' म्हणजे तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा नमुना. त्याला 'गाभा' लिहू नका. गाभा पृथ्वीचा. बोअरवाले 'कोअर'च म्हणतात. मराठीच हवे तर 'गाळस्तंभ'. पोलादी नळी, आत प्लॅस्टिकचे अस्तर, नळीत दट्ट्या. वजनाने नळी तळात घुसते आणि दट्ट्यामुळे गाळ दबून आखूड होत नाही. पण सगळ्यात वरचा मऊ थर विस्कटतो किंवा निसटतो, म्हणजे नेमका अलीकडचा भूकंप हातचा जातो. म्हणून शेजारी एक लहान नळीही टाकतात. वर आल्यावर स्तंभ उभा चिरतात: एक फाक जपून ठेवायची, दुसरी तपासायची.

सिन्नर: 'भूकंपाचा थर' मात्र कुठेही लिहू नका, सर्वांना विनंती. थर हा लोंढ्याचा पुरावा आहे. लोंढा वादळानेही सुटतो, नदीच्या महापुरानेही. भूकंप सिद्ध करायला वेगळी कसोटी लागते, आणि तिला नाशिकच्या तपोवनात नद्यांचा संगम पाहणाऱ्या माणसाला कळेल असा शब्द आहे: संगमाची कसोटी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापुढे कॅस्केडियात समुद्रतळावरच्या घळी पुढे एकमेकींना मिळतात. माझामा ज्वालामुखीची सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची राख गाळात सापडते. त्या राखेच्या वर संगमाआधीच्या घळींत १३-१३ थर, आणि संगमाखालीही १३च. घळी आपापल्या वेळी सुटल्या असत्या तर खाली थरांची बेरीज झाली असती. म्हणजे सगळ्या एकाच वेळी सुटल्या, आणि एवढा मोठा टापू एकदम हलवतो तो भूकंप. भूशास्त्रज्ञ जॉन ॲडम्स यांनी हे १९९०मध्ये मांडले. तिथला शेवटचा मोठा भूकंप २६ जानेवारी १७००चा. ही तारीख जपानी दप्तरांतल्या त्सुनामीच्या नोंदींवरून मिळाली, गाळावरून नाही.

सातपूर: तारखेवरून आठवले. कार्बन-१४वरून थराचे वय काढण्यासाठी सूक्ष्मजीवांचे कवच लोंढ्याच्या थरातून घेत नाहीत, कारण लोंढा जुनी कवचे उचलून आणतो. थराच्या लगेच खालच्या संथ साचलेल्या चिखलातून घेतात. लोंढ्याने तो चिखलही थोडा खरवडला असेल तर वय खऱ्यापेक्षा जास्त निघते. म्हणून 'भूकंपाची तारीख' नको, 'अंदाजे काळ' लिहा.

विचारणा (कॉलेज रोड): मग शीर्षक 'समुद्रतळावरील घसरण आणि भूकंपांचा इतिहास' असे करू?

पंचवटी: शीर्षकात एकटी 'घसरण' नको. आपल्याकडे तो शब्द वाचला की आधी लासलगावचा कांदाबाजार डोळ्यांपुढे येतो. शीर्षकात 'भूस्खलन' राहू द्या, मजकुरात खचणे, घसरणे आणि लोंढा ज्याच्या त्याच्या जागी. आणि 'इतिहास'ऐवजी 'नोंदी' घ्या, गाळात मिळतात त्या नोंदीच.