बेळगाव, पुणे, जर्मनी: प्रत्येकाची टेस्ट पास, जोडलं की तुटतंय

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. कास्टिंगचा साठा आणि पाठवणी सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. स्क्रीन बेळगावात होतात (4 जण), सर्व्हर पुण्यात (5 जण), आणि स्वीकृती चाचणी ग्राहकाकडे जर्मनीत (2 जण). स्प्रिंट (कामाचा एक ठरावीक टप्पा) दोन आठवड्यांचा. तिन्हीकडे आपापल्या टेस्ट हिरव्या, पण शेवटच्या तीन दिवसांत सगळं जोडलं की वजनं चुकतात, तारखा एक दिवस मागे जातात. एकेक बग इकडून तिकडे फिरायला दोन दिवस. वरून सूचना आली आहे की रोज दीड तासाचा कॉल ठेवा. त्यानं फरक पडेल काय?

तिसरं_गेट
कॉलवर ठरलेलं चार दिवसांत विरतं ओ. दोन टीमच्या मध्ये जे ठरतं ते मशीनला तपासता आलं पाहिजे.

एपीआयचं (स्क्रीन आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या ठरलेल्या पद्धतीनं बोलतात तिचं) वर्णन ओपनएपीआय या ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये लिहा आणि ती दोघांच्या सामाईक रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवा. मग कॉन्ट्रॅक्ट टेस्ट. बेळगावच्या स्क्रीनला कुठली फील्ड (माहितीचे रकाने), कुठल्या प्रकारची लागतात ते बेळगावकरांनी लिहायचं, आणि ती टेस्ट पुण्याच्या प्रत्येक बिल्डमध्ये (कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना) चालली पाहिजे. नापास झाली की मर्ज (नवा कोड मुख्य कोडात मिसळणं) बंद. मग जे आज बाराव्या दिवशी कळतंय ते पुण्यातल्या माणसाला अर्ध्या तासात कळतं.

पण वजनाचा घोळ एवढ्यानं सुटणार नाही. कॉन्ट्रॅक्ट टेस्ट आकार बघते, अर्थ नाही. 1.25 हा आकडा किलोचा असो वा टनाचा, टेस्ट पासच. म्हणून फील्डचं नाव नुसतं ‘वजन’ नको, ‘वजन_ग्रॅम’ ठेवा आणि आत पूर्णांक. जर्मनीहून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) येत असेल तर आधी तिथंच बघा. त्यांच्याकडे 1.250 म्हणजे बाराशे पन्नास आणि 1,250 म्हणजे सव्वा. आपल्याकडे नेमकं उलटं. दोन्ही आकडे वैध, त्यामुळे एरर येतच नाही, हीच पंचाईत. फाइल वाचताना लोकेल (आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीचे ते) स्पष्ट द्या, आणि पार्टगणिक किमान-कमाल वजनाची मर्यादा घाला.

1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असल्याच घोळात गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. तिथंही टीम दोन ठिकाणी होत्या, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया.

खानापूरकर
तारखेचं मी सांगतो. ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर. घटना कधी घडली ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. पण पाठवणीची तारीख ही नुसती कॅलेंडरची तारीख आहे, तिला वेळ चिकटवूच नका. 2 एप्रिल, मध्यरात्र, भारतीय वेळ यूटीसीत नेली की 1 एप्रिल 18:30 होते. तुमचा एक दिवस तिथंच गळतोय.

रात्रीच्या बिल्डमध्ये अधूनमधून टेस्ट पडत असतील तर कारण बहुधा हेच. रात्री 12 ते पहाटे 5:30 यूटीसीत अजून कालची तारीख असते. टेस्टमध्ये ‘आज’ घड्याळातून घेऊ नका, बाहेरून द्या. शिवाय जर्मनीत मार्चचा शेवटचा रविवार 23 तासांचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा 25 तासांचा. ‘उद्या’ म्हणून 24 तास मिळवणारा कोड त्या दोन दिवशी फसतो. हे दोन दिवस टेस्टमध्ये कायमचे घाला.

वातावरण तिन्हीकडे एकच हवं. डॉकर इमेजला (सॉफ्टवेअर आणि त्याचं वातावरण यांचा तयार गठ्ठा) ‘लेटेस्ट’ टॅग नको, डायजेस्टनं (त्या नेमक्या इमेजच्या ओळखखुणेनं) बांधा. बिल्डमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’, म्हणजे लॉक फाइलमध्ये नोंदलेल्याच लायब्ररींच्या आवृत्त्या येतात. फाइलच्या नावात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षराची चूक विंडोजला चालते, लिनक्सला नाही.

निपाणीचा_टेस्टर
बग दोन दिवस फिरतो कारण पहिल्या नोंदीत काहीतरी राहिलेलं असतं. जर्मनीत सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात 12:30, हिवाळ्यात 1:30. त्यांनी संध्याकाळी 5 ला बग टाकला तर इथं रात्रीचे 8:30 किंवा 9:30. सकाळी आपण विचारणार ‘कुठला बिल्ड?’, उत्तर दुपारी. झाला की एक दिवस खलास.

म्हणून फॉर्ममध्ये सक्ती करा: कमिटचा हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण), कुठलं एन्व्हायर्नमेंट, पायऱ्या, वापरलेली प्रत्यक्ष डेटा फाइल, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि विनंतीचा ट्रेस आयडी (सर्व्हरच्या नोंदीत ती विनंती शोधायचा क्रमांक). स्क्रीनशॉट जोडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्यातून मजकूर शोधता येत नाही.

आणि स्प्रिंट आखताना सुट्ट्या एकत्र मांडा. 1 नोव्हेंबरला कर्नाटकात सुट्टी, पुणं चालू. 19 फेब्रुवारीला पुणं बंद, बेळगाव चालू (आपली शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात!). 3 ऑक्टोबरला जर्मनी बंद. या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी रिलीज नको.

टिळकवाडीकर
उपयोगी पडलं, आभार. कोड रिव्ह्यू मात्र दोन्ही गावच्या माणसांकडून करून घ्यावा काय? तसं केलं की मर्ज अडकून राहतात.

तिसरं_गेट
प्रत्येकच नको. कोडओनर्स फाइलमध्ये (कुठल्या कोडला कुणाची मंजुरी लागते त्याची यादी) फक्त कॉन्ट्रॅक्टच्या फोल्डरला दुसऱ्या गावाची मंजुरी सक्तीची करा, बाकी गावातल्या गावात. एक पुल रिक्वेस्ट (कोड मर्ज करायची विनंती) 300 ओळींच्या आसपास ठेवा. हजार ओळी आल्या की कुणी वाचत नाही, नुसतं ‘ओके’ लिहून मोकळे.

खानापूरकर
याला थोडी असहमती. साठ्याचा हिशेब करणारा कोडही दुसऱ्या गावानं बघावा. तिथं चूक झाली तर कॉन्ट्रॅक्ट टेस्टला पत्ताच लागणार नाही. आणि जोडणी शेवटच्या तीन दिवसांवर ठेवू नका. रोज रात्री तिन्ही भाग एकत्र लावून पाच-सहा मुख्य प्रवास (सुरुवातीपासून शेवटपर्यंतची कामं) चालवा: आवक, वजन, पाठवणी, परतावा वगैरे. सकाळी 9:30 ला लाल दिसलं तर आधी ते, मग नवं काम. एखादी टेस्ट कधी पास कधी नापास होत असेल तर बाजूला काढा, नावानिशी एकाकडे द्या, मुदत एक आठवडा. तशीच ठेवली तर लोक लाल रंगाकडे बघायचंच सोडतात.