मदत हवी आहे: ‘निलगिरी’ वर्गाच्या फ्रिगेटमधील कोडॉग प्रणालीविषयी

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस निलगिरी’ कोडॉग प्रणालीवर चालते. म्हणजे संथ गस्तीसाठी डिझेल इंजिने व अधिक वेगासाठी गॅस टर्बाइन, पण एका वेळी दोहोंपैकी एकच. जर्मनीच्या ‘साक्सेन’ वर्गात मात्र दोहोंची शक्ती एकत्र वापरता येते. प्रसिद्धिपत्रके आणि सामान्य वाचकांसाठीचे लेख मी पाहिले. त्यांत प्रणालीचे नाव असते, कारणमीमांसा नसते (शस्त्रांची यादी मात्र न चुकता असते). गोपनीय तपशील नकोत, केवळ अभियांत्रिकीचे तत्त्व हवे आहे. शक्ती एकत्र जोडणाऱ्या गिअरबॉक्सची गुंतागुंत टाळणे हे कोडॉग निवडण्याचे मुख्य कारण असते, की टर्बाइनच्या तुलनेत डिझेलची भर फारशी उपयोगी ठरत नाही?