उपासाने अल्झायमर जातो म्हणे!

मूळ पोस्ट: "रोज 16 तास उपाशी राहा. पेशी मेंदूतला प्रोटीनचा कचरा स्वतःच खाऊन टाकतात. 2016 चं नोबेल याच शोधाला मिळालं. गोळ्या हव्यात कशाला?"

पेशीवेडी: हे तिसऱ्यांदा वाचलं, आता राहवत नाही. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशीने स्वतःचेच टाकाऊ भाग पचवण्याच्या, कामासाठी, अल्झायमरवरच्या उपायासाठी नव्हे. प्रोटीनची घडी चुकली की शॅपरोन नावाची मदतनीस प्रोटीनं ती सावरू पाहतात. नाही जमलं तर त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची ‘टाकाऊ’ अशी खूण लागते आणि प्रोटिएझोम हे पेशीतलं कापणीयंत्र त्याचे तुकडे करतं. तिथे न मावणारे गठ्ठे पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या डेपोकडे, जातात; हीच ऑटोफॅजी. अल्झायमरच्या मेंदूत नेमक्या या पिशव्या चेतापेशींच्या सुजलेल्या तंतूंमध्ये खच्चून साचलेल्या दिसतात. डेपोच तुंबलाय, तिथे घंटागाड्या वाढवून काय होणार? शिवाय चेतापेशी विभागत नाही; साचलेलं दोन नव्या पेशींत वाटून हलकं होण्याचीही सोय नाही.

वाईकर: यीस्ट राहू द्या. माझी आई 84 वर्षांची, जन्मभर एकादशी आणि चतुर्थी. आजही भिशीचा हिशेब तोंडी करते. आणि तुमची औषधं तरी काय करतात? लेकॅनेमॅब या अल्झायमरच्या औषधाने 18 महिन्यांत आजाराची तीव्रता मोजणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर फरक पडला 0.45 चा!

पेशीवेडी: आकडा बरोबर आहे. फरक लहानच आहे, हे मान्य करावं लागेल. त्याने उपास औषध ठरत नाही.

कोपऱ्यातली: एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, रताळी खाणार आणि नाव ऑटोफॅजीचं! आमच्याकडे त्या दिवशी दुप्पट खाणं होतं.

वाईकर: सगळ्यांच्या घरी तसं नसतं. आई निर्जळी करते. न बघता बोलू नका.

लेक: माझी आईही निर्जळी करायची. तरी पार्किन्सन झाला. असंच काहीतरी वाचून एका नातेवाइकाने तिला सकाळचं खाणं सोडायला लावलं. दोन महिन्यांत बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा मोरीच्या उंबऱ्याशी चक्कर येऊन पडली, कपाळाला चार टाके. त्या नातेवाइकाने नंतर फोनही केला नाही.

वाईकर: वाईट वाटलं. आजारी माणसाने उपास करू नये, एवढं मान्य. पण धडधाकट माणसाला अडवू नका.

लेक: धडधाकटांना कोण अडवतंय? पोस्ट अल्झायमर झालेल्यांसाठी आहे, ती काढायला सांगा. मी उठते, साडेसात वाजले. आईला पेज भरवायची आहे.