तळटीप कुणी लिहायची? सरकारी आरोग्य आकडेवारीतल्या कनिष्ठांबद्दल

आकडेमोड (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात नोकऱ्यांच्या धाग्यावर एकाने लिहिलं होतं की सरकारी आरोग्य आकडेवारीतला कनिष्ठ संशोधन विश्लेषक म्हणजे 'एक्सेल येणारा शिपाई'. बऱ्याच जणांनी हसून अंगठे दिले. मी याच कामात आहे, मुंबईतच, आणि मला हे साफ अमान्य आहे. (शिपायाला कमी लेखणंही अमान्य आहे, पण तो विषय वेगळा.)

आधी काम काय ते सांगतो. रुग्णालयात मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४, भरला जातो, घरी झाला तर नेहमीचे डॉक्टर ४अ देतात. त्यात कारणाच्या तीन ओळी असतात. 'अ'मध्ये शेवटचं, तात्कालिक कारण. खाली 'ब' आणि 'क'मध्ये ते कशामुळे झालं, आणि त्यामागे मूळ आजार कोणता. भाग दोनमध्ये सोबतचे आजार. आता माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारा कागद बघा : 'अ'मध्ये कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. 'ब' कोरी. 'क' कोरी. भाग दोनही कोरा.

अहो, हृदय आणि श्वास तर मेलेल्या प्रत्येकाचाच थांबतो! असं लिहू नका हे नमुन्यासोबतच्या सूचनांत सांगितलेलं आहे. पण कागद आला की कोड द्यावाच लागतो. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, तो आय ४६.९ ला जातो, आणि 'आय' म्हणजे रक्ताभिसरण संस्थेचे आजार. भाग दोनमध्ये नुसतं 'डीएम' (डायबेटिस मेलिटस) जरी खरडलेलं असतं, तरी नियमाप्रमाणे अरेस्ट बाजूला ठेवून मधुमेह धरता आला असता. दोन अक्षरांनी एक मृत्यू वर्गीकरणाच्या या प्रकरणातून त्या प्रकरणात जातो.

मृत्यूच्या वैद्यकीय कारणांबद्दलच्या देशाच्या २०२० च्या अहवालात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. त्यातले ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या खात्यात. यातला खरा हृदयविकार किती आणि कोऱ्या ओळींचा गाळ किती, हे कोडिंगच्या टेबलावर बसणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढं अहवालाची प्रस्तावना लिहिणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं : कागद परत पाठवणं, विचारणं, आणि उत्तर नाहीच आलं तर तक्त्याखाली तळटीप लिहिणं, हेच या कामातलं संशोधन आहे. सांख्यिकी किंवा सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या मुलांनी इथे यावं. मात्र तळटीपेसाठी भांडायची तयारी नसेल तर येऊ नये.

पवई_ते_परळ

असहमत. कडाडून.

मी याच प्रकारच्या जागेवर होतो, आता विमा कंपन्यांसाठी विश्लेषण करतो. तुम्ही कामाचं वर्णन केलंत, नोकरीचं नाही. नोकरीचं मी करतो. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा नेमणूकपत्राची वाट. मधल्या काळात लोकलचा पास खिशातून. कार्यालयात ओळख काय, तर 'तो कंत्राटी मुलगा'. आणि या मुलाने तळटीपेसाठी भांडायचं? कुणाशी? मुदतवाढीच्या फाइलवर सही करणाऱ्याशीच ना?

माझ्या तळटिपांचं काय व्हायचं तेही सांगतो. तक्त्याखाली असायच्या. तक्ता सादरीकरणात गेला की फॉन्ट बसत नाही म्हणून पहिली तळटीप उडायची. व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) साहेब आकडा वाचायचे, संपलं.

आणि वरच्यांचं तरी काय? राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामा दिला, रोजगाराच्या पाहणीचा तयार अहवाल बाहेर येत नव्हता म्हणून. आयोगाच्या खुर्चीतल्या माणसाची ही गत, तिथे करारावरच्या पोराकडून तुम्ही बाणा मागता.

मानखुर्द_लोकल

मोहनन यांचं प्रकरण रोजगाराच्या आकड्यांचं होतं, ते इथे ओढू नका. तिथे तयार अहवाल अडला होता. आरोग्यात अहवाल येतात, छापले जातात, चुकीचे वाचले जातात. आजार वेगळा, औषध वेगळं.

मी देवनारला लोकसंख्याशास्त्र शिकतेय. एक उदाहरण देते. वॉर्डनिहाय मृत्यूदर काढा. एफ दक्षिण, म्हणजे परळ-लालबाग, एकदम वर उसळतो. नवख्याला वाटेल परळची हवाच विषारी. कारण एवढंच की १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे नोंद होते, आणि केईएम व टाटा मेमोरियल दोन्ही याच वॉर्डात. पालघरची बाई, बदलापूरचा म्हातारा, सगळे मरतात परळमध्ये. आता गोवंडी-शिवाजीनगरचा एम पूर्व बघा. तिथले गंभीर रुग्ण शीव किंवा केईएमला जातात आणि त्यांचे मृत्यू कागदावर तिकडे. म्हणजे ज्या वस्तीला पैसा हवा तिचा दर दिसतो कमी!

राहण्याच्या पत्त्याने वर्गवारी करा म्हणाल तर नातेवाईक सोयीसाठी परळच्या मामाचा पत्ता देतात. आणि छेदात लोकसंख्या कोणती घालायची? शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा मुंबई १ कोटी २४ लाख. त्यानंतर किती चाळी पाडून टॉवर झाले आणि माणसं कुठून कुठे गेली ते परळमध्ये उभं राहून बघा.

हे सगळं माहीत असलेला माणूस त्या टेबलावर नसेल तर तक्ता निघतोच, फक्त खोटा निघतो. त्यामुळे धागाकर्त्याला +१. पण पगाराबद्दल पवईकरांनाही +१. माझ्या वर्गातले हुशार सगळे सल्लागार कंपन्यांत जाताहेत आणि मी त्यांना दोष देत नाही.

नाईट_ड्यूटी

बराच वेळ गप्प बसून वाचत होतो. आता राहवत नाही.

तो 'कोरी, कोरी, कोरी'वाला कागद मी भरतो. म्हणजे माझ्यासारखे निवासी डॉक्टर भरतात. पहाटे तीनची वेळ. एका खाटेवर इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) चालू, दुसऱ्या खाटेजवळ नातेवाईक विचारतायत बॉडी कधी मिळणार, गाडी खाली उभी आहे. बाई रात्री अकराला बेशुद्ध आली, जुने कागद नाहीत, सोबत शेजारी. शवविच्छेदनाला घरचे तयार नाहीत. मी 'क'मध्ये काय लिहू? तुमचा तक्ता छान दिसावा म्हणून अंदाजाने मधुमेह लिहू?

आणि तुमची ती शंकापत्रं! मृत्यू होऊन काही महिने झाले की विभागप्रमुखांच्या नावे पत्र येतं : 'मूळ कारण नमूद करावे'. भरणारा निवासी तोवर दुसऱ्या पोस्टिंगला गेलेला. मग केसपेपर न उघडता कुणीतरी एखादा आजार लिहून पत्र परत पाठवतो. याला तुम्ही संशोधन म्हणता? कोरी ओळ निदान प्रामाणिक होती.

आकडेमोड

@नाईट_ड्यूटी, शेवटचं वाक्य मान्य. अंदाजाने लिहू नकाच. 'अज्ञात' लिहा, 'बेशुद्धावस्थेत दाखल, पूर्वेतिहास उपलब्ध नाही' लिहा. मला तेही मोजता येतं. अरेस्ट लिहिलंत की मात्र तुम्हाला माहीत नव्हतं हेच झाकलं जातं आणि कागद हृदयविकाराच्या ढिगात जाऊन बसतो.

पत्र उशिरा जातं हे खरं आहे आणि त्याची लाज वाटावी अशीच गोष्ट आहे. पण पत्रच जाऊ नये, हे त्याचं उत्तर नव्हे.

जुनं_टेबल

सांख्यिकी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. दोन्ही बाजू वाचल्या. धागाकर्त्याचा उत्साह आवडला, भूमिका नाही.

कनिष्ठाने आकड्याखाली स्वतःचं मत लिहू नये. आमच्या वेळी शिस्त होती : आकडा जसा आला तसा, शंका वेगळ्या टिपणीत, टिपणी वरिष्ठांकडे, जावक क्रमांकासह. का? कारण आज तुम्ही 'अरेस्टचे मृत्यू फुगलेले असण्याची शक्यता' लिहिणार, पुढच्या वर्षी तुमच्या जागी आलेला ते लिहिणार नाही, आणि वाचणाऱ्याला वाटणार परिस्थिती सुधारली. वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या मालिकेचं मोल तिच्या एकसारखेपणात असतं. जन्म-मृत्यूचे दर काढणारी नमुना नोंदणी योजना १९६९-७० पासून देशभर चालू आहे. त्यातली पद्धत प्रत्येक कनिष्ठाच्या समजुतीप्रमाणे हलली असती तर आज कुणी तिचे दर उद्धृत केले नसते.

दुसरं, कारण ठरवायचा अधिकार डॉक्टरचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, रोगी तपासून. नोंदवहीवर बसलेल्या कारकुनाने नव्हे.

आकडेमोड

काका, व्हिएगसांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एका डॉक्टरने एका वस्तीत ओळखलं. शहरभर किती पसरलंय हे नंतर मृत्यूंच्या नोंदी मोजूनच बघावं लागलं ना?

आणि मी डॉक्टरच्या निदानावर शंका घेतच नाही, कोऱ्या जागेबद्दल विचारतो. त्याच नमुन्यात खाली एक प्रश्न आहे : मृत स्त्री असल्यास मृत्यू गरोदरपणाशी संबंधित होता का, प्रसूती झाली होती का. प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी निगडित कारणाने गेलेली बाई मातामृत्यूत मोजतात. आता ती बाळंत झाली एका ठिकाणी, तीन आठवड्यांनी ताप चढून गेली दुसरीकडच्या मेडिसिन वॉर्डात. तिथे कुणी विचारलंच नाही. कागदावर 'सेप्सिस' (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), खालचा चौकोन कोरा. महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. प्रमाण एवढं खाली आलं की एकेक सुटलेली बाई मोजमाप हलवते. १५ ते ४९ वयाच्या, 'सेप्सिस' लिहिलेल्या आणि चौकोन कोरा असलेल्या बायकांची यादी वेगळी काढणं, ती जन्मनोंदणीशी ताडून बघणं, हे डॉक्टर करणार नाही आणि संचालकही करणार नाही. ते कनिष्ठच करतो, आणि बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसताना.

माहिती_अर्ज

पत्रकार आहे, पालिकेची आरोग्याची आकडेवारी माहिती अधिकारात मागत असतो. मला दोन्ही पक्षांवर राग आहे.

जून २०२० आठवा. १६ तारखेला राज्याने ताळमेळ घालून १,३२८ कोविड मृत्यू एकदम वाढवले, त्यातले ८६२ मुंबईचे. ते एका रात्रीत घडलेले नव्हते. कुठल्या तरी याद्यांत होतेच.

पवई_ते_परळ

धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत. त्या याद्या कोण सांभाळत होतं? कनिष्ठच. मग आकडा बाहेर कधी आला? विरोधी पक्षाने मृत्यू लपवल्याचा जाहीर आरोप केल्यावर. तळटीप लिहून नव्हे.

माहिती_अर्ज

अर्धंच बरोबर. आरोपाने दार उघडलं असेल, पण दारामागे जुळवलेली यादी नसती तर द्यायला काय होतं? ८६२ हा आकडा कुणाच्या भाषणातून येत नाही. नाव, वय, चाचणीचा दिनांक, मृत्यूचा दिनांक, दोन याद्यांत दोन वेगळी स्पेलिंग, हे कुणीतरी बसून जुळवलेलं असतं.

जुनं_टेबल यांची 'वेगळी टिपणी' मात्र मला मुळीच पटत नाही. ती फाइलमध्ये राहते. मला अर्जाच्या उत्तरात तक्ता मिळतो, टिपणी मिळत नाही. मग मी एफ दक्षिणची बातमी छापतो, मानखुर्द_लोकल मला वेड्यात काढते आणि खातं खुलासा पाठवतं. तळटीप असती तर तिघांचाही वेळ वाचला असता.

जुनं_टेबल

हे ग्राह्य. मग तळटीप ठरलेली हवी, खात्याच्या नावाने, दरवर्षी तीच : 'नोंद घटनेच्या ठिकाणानुसार, वॉर्डांची तुलना करू नये.' कनिष्ठाने मसुदा द्यावा, मंजुरी वरून. एकदा मंजूर झाली की करार कुणाचाही असो, ती राहते.

मानखुर्द_लोकल

हे चालेल. नियमित भरतीची गोष्टही कुणी काढा ना. केंद्रात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३५,४०० वर, कायमस्वरूपी लागतो. त्याला 'तो कंत्राटी मुलगा' कुणी म्हणत नाही. राज्यात आणि पालिकेत तशा जागा भरा, मग तळटीपेच्या शौर्याबद्दल बोलू.

पवई_ते_परळ

बाई, हेच तर मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय.

नाईट_ड्यूटी

माझी मागणी साधी आहे. पत्र विभागप्रमुखांना महिन्यांनी पाठवण्यापेक्षा तुमच्यातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा वॉर्डात या. केसपेपर तोवर नोंद विभागात गेलेला नसतो, भरणारा निवासी तिथेच असतो. कोऱ्या ओळींचे कागद समोर धरा, जागेवर विचारा. नव्या बॅचला नमुना ४ वर एखादं लेक्चर मिळतं, तेही कुणाच्या लक्षात राहत नाही. समोर कागद धरलात तर राहील.

आकडेमोड

यायला मी तयार आहे. अडचण एवढीच की आमच्या हजेरीत 'वॉर्डात जाणे' असा रकानाच नाही. फिरतीचा आदेश कंत्राटी माणसाच्या नावे निघत नाही, असं आस्थापनेने मागे तोंडी सांगितलं होतं. आता लेखी विचारतो. तुमच्याकडून विभागप्रमुखांचं एक ओळीचं विनंतीपत्र आलं तर फाइल हलायला बरं पडेल.

नाईट_ड्यूटी

सोमवारी राउंडनंतर मॅडमना विचारतो. पत्रात कोणता शब्द घालू ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, 'प्रशिक्षण' लिहिलं की त्या लवकर सही करतात.